हमीभाव, पाऊस आणि पेरा : लातूर-नांदेडच्या मोंढ्यांतून

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. सलग दोन वर्षे पाऊस हुकलेला होता, मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि शहराची तहान रेल्वेने भागवण्याची वेळ आली होती. पुढे जेमतेम वर्ष उलटते तोच, २०१७ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, त्याच लातूरच्या सरकारी खरेदी केंद्रांपुढे तुरीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. नांदेड, उस्मानाबाद, परभणी, बीड सगळीकडे तेच चित्र. शेतकरी आपल्याच पोत्यांवर झोपून पाळीची वाट पाहत होते. आदल्या वर्षी प्यायला पाणी नव्हते, या वर्षी तूर भरायला बारदाना नव्हता.

त्या वर्षी तुरीचा हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता. आदल्या वर्षी तो ४,६२५ रुपये होता. भाव वाढला आणि उत्पादनही वाढले, हे पाहून कोणीही म्हणेल की हमीभावानेच ही तूर पिकवली. आपल्या पाठ्यपुस्तकांतही हमीभावाविषयी बहुधा एकच वाक्य असते: त्यामुळे शेतकऱ्यास प्रोत्साहन मिळून धान्योत्पादन वाढते. हे वाक्य कितपत खरे आहे? एखाद्या विज्ञानाच्या शिक्षकाने प्रयोगाचा निष्कर्ष तपासावा तसे आपण ते तपासून पाहू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

घेण्याचा भाव आणि देण्याचा भाव

नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा (जो १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता) हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानात धान्याची सक्तीची वसुली सुरू झाली. तिलाच लोक 'लेव्ही' म्हणत. किती जमीन पेरली यावरून किती धान्य सरकारजमा करायचे ते ठरे, आणि सरकार देई तो भाव बाजारातल्या भावापेक्षा कमी असे. संस्थानातील लढ्यात लेव्हीला नकार देणे हा एक मोठा मुद्दा झाला होता.

लेव्हीचा भाव हाही सरकारने ठरवलेलाच भाव. पण त्याचा उद्देश शहरांना आणि शिधापत्रिकाधारकांना स्वस्त धान्य पुरवण्याचा होता, शेतकऱ्याला आधार देण्याचा नव्हता. ज्या धान्यावर लेव्ही लागते ते पिकवणे म्हणजे एक प्रकारचा कर भरणे. मग शेतकरी धान्य लपवील, किंवा ज्यावर लेव्ही नाही असे दुसरे पीक घेईल. सरकारी भावाने उत्पादन वाढते असा सरसकट नियम मांडता येत नाही, तो इथूनच. भाव बाजाराच्या वर आहे की खाली, आणि विकायची सक्ती आहे की मुभा, यावर सारे अवलंबून असते.

स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे सरकारचे लक्ष ग्राहकाकडेच होते. अमेरिकेचा गहू 'पी. एल. ४८०' कराराखाली स्वस्तात येत होता. साठच्या दशकाच्या मध्यास टंचाई वाढली, तेव्हा लालबहादूर शास्त्रींच्या कारकिर्दीत, सी. सुब्रह्मण्यम अन्नमंत्री असताना, एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. प्रा. एम. एल. दांतवाला त्याचे पहिले अध्यक्ष. त्याच महिन्यात भारतीय अन्न महामंडळही सुरू झाले. आयोगाने भाव सुचवायचा आणि महामंडळाने धान्य विकत घ्यायचे, अशी ही जोडी होती. पुढील चर्चेत ही जोडी लक्षात ठेवावी. नुसता भाव सांगणारा आणि प्रत्यक्ष काटा लावणारा अशा दोन वेगळ्या संस्था आहेत, आणि हमीभावाला त्या दोन्ही लागतात.

आरंभीच्या वर्षांत आयोग दोन भाव सुचवीत असे. एक 'आधारभूत किंमत', पेरणीपूर्वी जाहीर होणारी; बाजार कोसळला तरी याखाली जाऊ देणार नाही असे आश्वासन. दुसरी 'वसुली किंमत', सुगीच्या वेळी सरकारला साठ्यासाठी लागणाऱ्या धान्याची. सत्तरच्या दशकात हा भेद हळूहळू पुसला गेला आणि एकच भाव उरला. १९८५ मध्ये आयोगाचे नावही बदलून 'कृषी खर्च व मूल्य आयोग' झाले. आपण ज्याला हमीभाव म्हणतो तो हाच.

प्रतिसाद मोजायचा कसा?

शेतकरी भाव पाहून पेरतो का, हा प्रश्न एके काळी खरोखरच वादाचा होता. भारतीय शेतकरी परंपरेने बांधलेला आहे, भाव वाढला तरी तो आजोबांनी पेरले तेच पेरील, असे पुष्कळ विद्वान म्हणत. १९६३ मध्ये राज कृष्ण यांनी फाळणीपूर्व पंजाबातील अनेक वर्षांची आकडेवारी घेऊन हे तपासले. कापसाचा पेरा भावाप्रमाणे चटकन हलतो असे त्यांना आढळले. गव्हा-बाजरीचा फारच थोडा हलत होता. कारण उघड आहे. कापूस विकण्यासाठी पिकतो. धान्याचा मोठा भाग घरच्या कणगीत जातो, आणि घरच्या भाकरीला बाजारभाव लागत नाही.

या अभ्यासांत एक साधी युक्ती वापरलेली आहे. उत्पादन म्हणजे पेरलेले क्षेत्र गुणिले हेक्टरी उतारा. शेतकऱ्याच्या हाती मुख्यतः क्षेत्र असते. उताऱ्यावर बियाणे-खताचा परिणाम होतो, परंतु कोरडवाहू मुलखात खरा सूत्रधार पाऊसच. म्हणून भावाचा परिणाम पाहायचा तर उत्पादनाकडे न पाहता क्षेत्राकडे पाहावे, आणि तेही पेरणीच्या वेळी शेतकऱ्यासमोर कोणता भाव होता ते धरून. ही युक्ती आता तुरीला लावू.

तुरीचा प्रयोग

२०१५-१६ या दुष्काळी वर्षी महाराष्ट्रात सुमारे १२ लाख हेक्टरांवर तूर होती आणि उत्पादन झाले जेमतेम साडेचार लाख टन. २०१६-१७ मध्ये क्षेत्र १४ लाख हेक्टरांच्या आसपास गेले आणि उत्पादन सुमारे २० लाख टन. म्हणजे उत्पादन साडेचारपट झाले, पण क्षेत्र सुमारे एक-षष्ठांशानेच वाढले. उरलेली सारी वाढ हेक्टरी उताऱ्याची. तो साडेतीन-चार क्विंटलांवरून चौदा क्विंटलांच्या घरात गेला. २०१६ चा पावसाळा चांगला झाला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर लातूर-नांदेडला जोरदार पाऊस पडला. तूर जूनमध्ये पेरली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत निघते. फुलोऱ्याच्या आधीची ती ओल तिला नेमकी लाभली. खरेदी केंद्रांपुढची रांग मुख्यतः त्या पावसाने लावली होती.

देशाचे आकडे थोडे वेगळे सांगतात. देशात तुरीचे क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टरांवरून ५३ लाखांवर, म्हणजे एक-तृतीयांशाने वाढले, आणि उत्पादन सुमारे २५.६ लाख टनांवरून ४८.७ लाख टनांवर गेले. इथे पेऱ्याचा वाटा मोठा आहे. मग तो पेरा तरी हमीभावामुळे वाढला का?

पेरणीच्या वेळी शेतकऱ्यासमोर काय होते ते पाहा. २०१५ च्या अखेरीस तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती, आणि २०१६ मध्ये तुरीचा बाजारभाव हमीभावाच्या जवळजवळ दुप्पट होता. मोंढ्यात नऊ-दहा हजार मिळत असताना ५,०५० रुपयांचे आश्वासन ऐकून कोण तूर पेरील? शेतकऱ्याने बाजार पाहून पेरले. हमीभाव त्या वेळी त्याच्या हिशेबात नव्हताच.

पुढे काय झाले ते अर्थशास्त्रात फार जुने आहे. गेल्या वर्षीचा भाव पाहून सगळ्यांनी एकदम पेरले, सहा महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम आला, आणि भाव चार हजारांच्या आसपास कोसळला. भाव पडला की पुढल्या वर्षी पेरा कमी, मग पुन्हा टंचाई, पुन्हा महागाई. आलेखावर हे फेरे कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात, म्हणून १९३४ मध्ये निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाने या सिद्धान्ताला कोळ्याच्या जाळ्याचेच नाव दिले. महाराष्ट्रातही २०१७-१८ मध्ये तुरीचे क्षेत्र पुन्हा घटले.

हमीभावाचे खरे काम हे जाळे तोडण्याचे आहे. वर जाणाऱ्या भावाला तो हात लावत नाही. खाली जाणाऱ्या भावाला आडवा येतो. घराच्या जोत्यासारखे त्याचे काम. जोते घर उंच करत नाही, पण पाणी आत येऊ देत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याची परीक्षा झाली. सरकारने पूर्वीच्या मानाने पुष्कळ तूर विकत घेतली, हे खरेच. पण केंद्रांवर बारदाना संपे, गोदामे भरत, चाळणीत माल नाकारला जाई, मोजमाप थांबे. केंद्राची खरेदी २२ एप्रिलला बंद झाली, तेव्हाही रांगा उभ्याच होत्या. पुढे रांगेतील नोंद झालेली तूर घेण्यासाठी राज्य सरकारला बाजार हस्तक्षेप योजना लावावी लागली. ज्याला खरीप जवळ आल्याने बियाण्या-खतासाठी पैसा हवा होता त्याने थांबणे शक्य नव्हते. त्याने आडतीवर मिळेल त्या भावात तूर घातली. म्हणजे एकाच गावात, एकाच हंगामात, एकाला ५,०५० मिळाले आणि शेजाऱ्याला हजार रुपये कमी. दोघांमधला फरक केवळ थांबण्याच्या ताकदीचा होता.

यात आणखी एक गाठ आहे. सरकारला शेतकऱ्याइतकीच डाळ खाणाऱ्याचीही काळजी असते. १९६५ च्या आयोगालाही उत्पादक आणि ग्राहक दोघांचा विचार करण्यास सांगितले होतेच. २०१५ मध्ये डाळ महागली तेव्हा साठ्यांवर मर्यादा आल्या आणि आयात वाढवण्यात आली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर आयातीचा करार झाला. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती. तुरीवरील बंदी उठली सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे शेतकऱ्याची तूर विकून झाल्यावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयातीवर मर्यादा आली, आणि मे २०२१ मध्ये आयात पुन्हा मोकळी झाली. एका हाताने आधार आणि दुसऱ्या हाताने उतरता भाव, अशी ही ओढाताण आहे. हमीभावाचा परिणाम मोजताना ती वजा करून चालत नाही.

ज्वारी गेली कुठे?

तुरीची गोष्ट दोन वर्षांची. ज्वारीची गोष्ट साठ वर्षांची आहे आणि जास्त बोलकी आहे.

१९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात ज्वारी सुमारे ६३ लाख हेक्टरांवर होती. मराठवाड्याचे ते मुख्य अन्न. १९६४ मध्ये 'सी. एस. एच.-१' हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि खरीप ज्वारीचा उतारा वाढला. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल 'मिलो' ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या पिढीला घरच्या ज्वारीची किंमत सांगावी लागत नव्हती. पण संकरित ज्वारीत एक उणीव होती. ती लवकर पक्व होई, आणि परतीचा पाऊस कणसांवर आला की दाणा बुरशीने काळा पडे. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही, आणि सरकारी केंद्रावरही 'एफ. ए. क्यू.', म्हणजे सर्वसाधारण चांगल्या दर्जाचाच माल हमीभावाने घेतला जातो. म्हणजे आधाराची सर्वांत जास्त गरज ज्या वर्षी, नेमका त्याच वर्षी माल अपात्र.

दुसरीकडे स्वस्त धान्य दुकानांतून गहू-तांदूळ येऊ लागला. तो पिकत होता मुख्यतः पंजाब-हरियाणात, जिथे अन्न महामंडळाच्या वतीने प्रत्येक मंडीत काटा लागतो. ज्वारीलाही हमीभाव होता, गव्हालाही होता, दोन्ही त्याच आयोगाने सुचवलेले. पण गव्हाला ठरलेले गिऱ्हाईक होते आणि ज्वारीला ते कधीमधी मिळे. पंजाबात भाताचे उदाहरण तर याहून ठळक आहे. तिथले लोक भात खाणारे नव्हेत. १९६०-६१ मध्ये जेमतेम सव्वादोन लाख हेक्टरांवर तो होता. खात्रीची खरेदी आणि पाणी-विजेची सोय मिळताच तो तीस लाख हेक्टरांपलीकडे पसरला, आणि भूजल खाली खाली गेले. सरकारी भावाने पेरा बदलतो याचा याहून मोठा पुरावा देशात नाही. आणि त्याची किंमत काय पडते याचाही.

मराठवाड्यात ज्वारीची खरिपातील जागा सोयाबीनने घेतली. नव्वदच्या दशकानंतर लातूर-नांदेडकडे ते झपाट्याने वाढले. शंभर-सव्वाशे दिवसांत निघते, मळणीयंत्रातून जाते, राखणीला पाखरांचा त्रास नाही, काढणीला मजूर कमी लागतात, रान मोकळे होऊन हरभरा पेरता येतो, आणि तेलगिरण्या रोख पैसे देतात. आज खरीप ज्वारी महाराष्ट्रात दोन लाख हेक्टरांच्याही आत आली आहे. रब्बी ज्वारी तग धरून आहे, ती मालदांडीच्या भाकरीच्या चवीमुळे आणि कडब्यामुळे. तिचा खरा जोडभाव कडब्याचा, आणि कडब्याला हमीभाव नाही.

इथे आपल्याला एक जवळजवळ आयता प्रयोग मिळतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभाव देण्याचे धोरण घेतले. (खर्च धरताना रोख खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढेच धरले, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले नाही, हा वाद अजून चालू आहे.) त्या वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव १,७०० वरून २,४३० रुपयांवर, म्हणजे एकदम ४३ टक्क्यांनी वाढला. सोयाबीनचा ३,०५० वरून ३,३९९, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांनी. तुलनेने ज्वारीचे पारडे एका वर्षात इतके जड क्वचितच झाले असेल. पाठ्यपुस्तकातले वाक्य पूर्ण खरे असते तर पुढच्या खरिपांत ज्वारीचा पेरा वाढायला हवा होता. तो घटतच राहिला. कागदावरचा भाव वाढला होता, पण मोंढ्यात त्या भावाने उचलणारा नव्हता, आणि मजुरी, पाखरे, बुरशी यांचे हिशेब जिथल्या तिथे होते.

सोयाबीनच्या शेतकऱ्यालाही हे पुढे कळलेच. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरला सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी मिळाली. २०२४ च्या सुगीत हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात चार हजार ते साडेचार हजारांचे सौदे होत होते. सरकारी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता, आणि पावसात सापडलेले सोयाबीन त्यात बसेना. नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा १५ टक्के केली गेली, तोवर गरजवंतांचा माल विकून झाला होता.

मग वाक्य कसे दुरुस्त करावे?

२०१५ मध्ये शांता कुमार समितीने नमुना पाहणीच्या आधारे म्हटले की, देशातील सुमारे सहा टक्के शेतकरीच सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकू शकतात. तेव्हा पाठ्यपुस्तकातील वाक्य फळ्यावर लिहिताना त्याला तीन पुरवण्या जोडाव्यात. पहिली: भाव पेऱ्यावर परिणाम करतो, कोरडवाहू मुलखात उतारा पावसाच्या हाती असतो, म्हणून एका वर्षाच्या उत्पादनावरून भावाचे यश-अपयश ठरवू नये. दुसरी: शेतकरी एका पिकाचा भाव सुटा पाहत नाही, शेजारच्या पिकाशी, मजुरीशी, कडब्याशी ताडून पाहतो. तिसरी: जाहीर झालेला भाव आणि हाती पडलेला भाव यांत अंतर असेल, तर शेतकरी हाती पडलेला भावच लक्षात ठेवतो आणि पुढल्या जूनमध्ये त्यावरून पेरतो.

ही तिसरी पुरवणी विद्यार्थ्यांना स्वतः पडताळून पाहता येईल. सुगी सुरू झाल्यापासून दहा आठवडे, दर आठवड्याला एक दिवस, जवळच्या बाजार समितीच्या फलकावरून तूर, सोयाबीन वा ज्वारीचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव उतरवून घ्यावा. हमीभावाची आडवी रेघ आलेखावर आधीच ओढून ठेवावी. मग वर्गातील ज्यांच्या घरी ते पीक झाले त्यांनी घरी तीन प्रश्न विचारावेत: माल कोणत्या आठवड्यात विकला, कोणाला विकला, आणि तेव्हाच का विकला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आलेखावर ठिपक्यांनी मांडता येतील. तिसऱ्याची मांडता येणार नाहीत. 'दुकानदाराची उधारी होती', 'बहिणीचे लग्न होते', 'ठेवायला जागा नव्हती', अशी ती असतील. ती वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवावीत, आणि पुढच्या वर्षी त्याच घरांनी काय पेरले ते त्या पानासमोर नोंदवावे.